मनूचे डोळे

नौपाडा, ठाणे

प्रिय शुभे,

फोनच करणार होते, पण फोनवर मी रडले असते, तू ओरडली असतीस आणि मुद्दा राहिला असता. तब्येती बऱ्या आहेत. ह्यांची साखर आटोक्यात आहे.

मनूच्या लग्नाच्या मेकअपची ट्रायल झाली. स्मोकी आय हवाच म्हणून हटून बसली होती. नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि डोळे धुरकट काळे. मला तर कल्पनाच फार आवडली. पार्लरमधल्या बाईंनी केलंही मन लावून: पापणीभर काळा, घडीत तपकिरी, मध्यावर चमक. डोळे मिटले की देखणं, उघडले की सगळं घडीत गडप! तिचे डोळे अगदी तुझ्या वळणाचे ना, वरची कातडी घडीवर उतरणारे. बाई सहज बोलून गेल्या, "ह्या डोळ्यांना स्मोकी उठून दिसत नाही." झालं. तेव्हापासून पोरगी येता-जाता आरशासमोर बोटाने पापणी वर ओढून बघते. परवा जेवताना म्हणाली, "आई, पापणीचं ऑपरेशन करतात. लग्नाआधी उरकून घेऊ या का?"

माझ्या घशाखाली घास उतरेना. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. पापणी पडलेली नाही, दिसायला काही अडथळा नाही, ही नुसती ठेवण आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. तरी ही गप्प. मी बोलायला गेले की, "तुझे डोळे मोठे आहेत, तुला काय कळणार?" ह्यावर काय बोलू सांग.

म्हणून तुला लिहितेय. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी त्या दिग्दर्शकाने तुला सगळ्यांदेखत "झोपाळू डोळ्यांची" म्हटलं होतं, आणि तू गडकरी रंगायतनच्या मेकअपरूममध्ये दार लावून बसलीस. रडत असशील म्हणून मी आत आले, तर तू डोळे टक्क उघडे ठेवून, आरशात सरळ बघत, खऱ्या घडीच्या जरा वर मॅट तपकिरी लावत होतीस! काळा फक्त पापणीच्या केसांच्या मुळाशी. आधी काजळ पेन्सिल, ती सुकायच्या आत ब्रशने पुसून वर नेलेली, त्यावर आयशॅडोची पूड दाबलेली, आणि वरची कड इतकी विरवलेली की रंग कुठे संपतो ते दिसूच नये. चमक घडीच्या वर मुळीच नाही, फुगीर भाग आणखी पुढे येतो म्हणालीस. नाटकात मागच्या रांगेपर्यंत डोळे पोचले तुझे. तो मनुष्य नंतर चहा घेऊन आला होता, आणि तू तो मला प्यायला दिलास!

त्यावर तुझं ते भाषणही पाठ आहे मला. १९१५ च्या सुमाराची मूकपटातली नटी थीडा बारा, त्या काळच्या फिल्मला लाल रंग कळायचा नाही, ओठ काळे यायचे, निळे डोळे पांढरे पडायचे, म्हणून भोवती काळं. सगळं मनूला ऐकव. फक्त आपल्या आजीने एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ कोणी संपवलं ते मात्र खरं सांग. मी अजून ते विसरलेले नाही, आणि डबी तूच रिकामी केलीस ह्यावर ठाम आहे.

ऑपरेशन करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांची पापणी बुबुळावर येते त्यांना गरजच असते. पण दुसऱ्याच्या डोळ्याच्या मापाने रंग लावायचा, आणि जमला नाही की डोळाच कापायला निघायचं, हे मला सहन होत नाही. आईचे डोळे असेच होते, शुभे. तिच्या फोटोकडे बघून ही पोरगी उद्या काय म्हणेल?

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? सूनबाईंची बदली झाली का? लेकाला आशीर्वाद. घराच्या रंगाचं काम संपलं असेल असं धरून चालते.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर घ्यायला येते. तुझा तो बारीक पेन्सिल ब्रश आणि मऊ गोल ब्रश आण, शॅडो इथे नवीन घेऊ. आधी डोळे आणि मग फाउंडेशन, हे त्या बाईंनाही तूच सांग. मनूच्या गालावर सगळी काळी पूड सांडली होती. मावशी येणार एवढंच तिला सांगितलंय, कशासाठी ते नाही.

तुझी,
सुमी