शेतीमंत्र्यांना खुलं पत्र: आमच्या गव्हावर कुठला तांबेरा आला तेवढं तरी सांगा

माननीय शेतीमंत्री साहेब,
नमस्कार.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक सरकारच्या अधिवेशनाला आला होतात तेव्हा आमच्याकडच्या सभेत माइकवर बोलला होतात, गव्हावर तांबेरा दिसला की आठ दिवसांत शास्त्रज्ञ बांधावर येईल आणि सल्ला ज्याच्या त्याच्या भाषेत मिळेल. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गहू काढून झाला, शास्त्रज्ञाचा फोनसुद्धा नाही. काल कागद तेवढा आला, सगळा कन्नडमध्ये, शेजारच्या पोराकडनं वाचून घेतला तर काय, रोग हवामानामुळं, भरपाई बसत नाही. कन्नडशी भांडण नाही ओ, बाजारात आम्ही बोलतोच की, पण औषधाचं प्रमाण वाचता येईना तर फवारायचं काय, तुमचं भाषण?

बियाणं अनुदानातलं. देताना सांगितलं ह्याला तांबेरा येत नाही, मग काय अख्ख्या शिवारानं तेच पेरलं. जानेवारी सरता सरता पानांवर नारंगी पुळ्या, शेतातनं फिरून आलं की पँट गुडघ्यापर्यंत तांबडी. बुरशीचं औषध प्रोपिकोनॅझोल, लिटरला एक मिली, हे मला कळलं तोवर वरचं पान वाळलं होतं. एकरी बारा क्विंटलचं रान पाचावर आलं, गावात तर म्हणायलेत निम्म्याच्या वर गेलं, मोजलंय कुणी, तुमच्या माणसांनी तर नाहीच. दाणा चिमलेला, दलाल म्हणाला कोंबड्यांना घाला. सोसायटीचं कर्ज तसंच आहे, पोरीच्या कॉलेजच्या फीसाठी मंडळींनी गळ्यातलं बँकेत ठेवलं, आणि ऑफिसातले साहेब म्हणतात जात चांगली होती, तुमचंच काहीतरी चुकलं असणार.

जात चांगली असेल, पण कुठल्या तांबेऱ्यापुढं? भाचा ॲग्रीला आहे, त्यानं सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, तुमच्याकडं सांगायला कोणी दिसत नाही. पानावरचा तांबेरा म्हणजे एकच बुरशी नाही, तिच्यात ७७-५, ७७-९, १०४-२ अशी नंबरानं ओळखायची वेगवेगळी कुळं आहेत. डोळ्याला सगळी सारखीच, पण एक ज्या गव्हाच्या वाटेला जात नाही तोच दुसरी फस्त करते. आणि ती नवी नवी निघत राहतात. परदेशात काळा तांबेरा, म्हणजे खोडावर येणारा दुसरा, बार्बेरीच्या झुडपावर जाऊन संकर करतो, आपल्याकडं त्या झुडपाचा काही हात नाही, तरी नुसत्या म्युटेशनवर बुरशीचं भागतंय. १९९८ ला युगांडात सापडलेलं काळ्या तांबेऱ्याचं कुळ यूजी ९९, त्यानं गव्हातल्या तांबेरा अडवणाऱ्या एसआर ३१ ह्या जीनची ताकद मोडली, जगभरचे गहूवाले त्या एका जीनवर निवांत बसले होते. २०१९ ला त्याचा जीनोम वाचला तर कळलं, दोन बुरश्यांनी संकराशिवाय अख्खं केंद्रकच इकडचं तिकडं केलंय. आपल्याकडं सत्तरच्या दशकात कल्याणसोना ही गव्हाची जात तांबेऱ्यापुढं अशीच पडली. तरी तुम्ही सगळ्या गावाला एकच कुलूप वाटता, चोराला एक चावी घावली की झालं.

हे बीजाणू वाऱ्यावर येतात. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरात उन्हाळा काढून ते वर सरकतात हे शास्त्रज्ञ के. सी. मेहतांनी इंग्रजांच्या काळात दाखवून दिलंय. बुरशीनं सीमावादावरचा महाजन अहवाल काय वाचलेला नाही, ती निपाणीवरनं कोल्हापुरात जाताना कुणाला विचारत नाही. गेरवा, म्हणजे तांबेराच, त्याचं संशोधन केंद्र महाबळेश्वरला, म्हणजे महाराष्ट्रात, गव्हाच्या जाती काढणारं कृषी विद्यापीठ धारवाडला, कुळं ओळखणारी प्रयोगशाळा सिमल्याला फ्लॉवरडेलमध्ये, आणि मधे आम्ही, ज्यांचं पान कुणीच नेत नाही. आमचे मराठी पुढारीही काही कमी नाहीत, १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतील, २००४ पासनं सुप्रीम कोर्टाची तारीख सांगतील, काळ्या तांबेऱ्याबद्दल तोंडातनं शब्द नाही. तुमचे लोक पाट्यांची भाषा मोजत बसलेत. मधल्या मधे शेतकरी मेला तर तो कुठल्या राज्याचा धरायचा तेवढं आधी ठरवून ठेवा.

आणखी एक. १९२२ ला अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिननं काळ्या तांबेऱ्याची कुळं ओळखायला बारा गहू निवडले, त्यात एक खपली होता. आमची खपली ओ! आज तिचंच बियाणं ऑफिसात मागितलं तर तिथला माणूस माझ्याकडं बघून हसतो.

भरपाई द्या, ती तर द्यायलाच पाहिजे. पण पानं तपासून कुठलं कुळ आलं ते जाहीर करा, मराठीतही करा, आणि पुढच्या पेरणीला एका शिवारात तीन-चार तरी जाती येतील असं बियाणं द्या, त्यात खपली धरा. पेरणी ऑक्टोबरअखेर सुरू होते, अधिवेशन डिसेंबरात असतं, तेव्हा अधिवेशनाची वाट बघू नका. रोगट पानं मी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलीत, प्लॅस्टिकमध्ये नाही, हेही भाच्यानंच सांगितलं. माणूस पाठवा, नाहीतर पत्ता पाठवा, मी पोस्टानं टाकतो, तिकिटावर अनुदान नको.

आपला,
चिकोडी तालुक्यातला एक गहूवाला