खुर्चीतल्या बैठका

शहापूर, बेळगाव
१४ डिसेंबर

प्रिय बाळू,

स.न.वि.वि.

तुझा फोन आला तेव्हा "नंतर बोलतो" म्हणून ठेवला आणि मग बोललोच नाही. रागावला असशील तर रागाव. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. घरात सगळ्यांचे कान माझ्याकडे असतात, आणि आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणणार, "त्यात एवढं काय?" तू तसं म्हणणार नाहीस.

आपल्या तालमीच्या वस्तादांनी उठायला माझ्याकडे हात मागितला.

दिवाळीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला होता ते तुला कळलंच असेल. घरी आणल्यावर भेटायला गेलो. कॉटवर बसले होते, न्हाणीकडं जायचं होतं. एकदा रेटा दिला, पुन्हा दिला, गादीपासून चार बोटं वर आले आणि परत टेकले. मग भिंतीकडं बघत उजवा हात पुढं केला. "धर की रे." अरे, मातीत उताणा पडलेल्या तुला मी हात दिला म्हणून मला शंभर बैठका मारायला लावणारा हाच ना माणूस? "पडला त्यो, उठंल त्यो. मधी हात घालायचा न्हाई." आणि तू हसत बघत बसला होतास, ते मी अजून विसरलेलो नाही.

हात धरला तर अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसाचा गोळाच नाही. तिथं खळगा पडलाय. बोटांची पेरं तेवढीच जाड, मोडलेले कान तसेच, पण तो खळगा बघवत नव्हता.

येळ्ळूरची एक मुलगी फिजिओथेरपीला येते त्यांच्याकडं. हुशार आहे, आणि वस्तादांना भीत नाही. तिनं एक दाबायचं यंत्र हातात दिलं. उजव्या हाताची पकड भरली १९ किलो. आशियातल्या तज्ज्ञांनी पुरुषासाठी २८ ची रेघ धरलीय, त्याखाली आलं की कमजोर. मग ती म्हणाली, हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर समजायचे. आपल्या वस्तादांचं घड्याळ सुरूच झालं नाही.

मी मास्तर माणूस, आकडा दिसला की सोडवत नाही. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये एक मोठा अभ्यास आलाय. सतरा देश, त्यात आपला भारतही, जवळजवळ १ लाख ४० हजार माणसं. पकड पाच किलोनं कमी, तर त्या काळात मरण्याचा धोका साधारण १६ टक्क्यांनी जास्त. वरच्या रक्तदाबापेक्षाही पकडीवरून जास्त अंदाज बांधता आला. आपण दर महिन्याला दंडाला पट्टा गुंडाळून घेतो, हात कुणी दाबून बघितलाय का आजवर? हे वाचून त्यांच्या नातवानं लगेच ऑनलाइन स्प्रिंग मागवली, आजोबांनी दिवसभर दाबत बसायची! त्याला म्हटलं, बाबा, थर्मामीटर पुसून ताप उतरत नाही. पकड नुसती खूण आहे. कमी पडलंय ते मांड्यांत, कुल्ल्यांत, पाठीत.

आणि ते कसं पडलं ते ऐक. घरी सोडताना कागदावर 'पूर्ण विश्रांती' लिहून दिलं, आणि घरच्यांनी ती देवाज्ञा मानली. पाणी कॉटवर, जेवण कॉटवर, पेपर कॉटवर. २००७ च्या एका अमेरिकन प्रयोगात धडधाकट म्हाताऱ्यांना, सरासरी वय ६७, दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर दोन्ही पायांतलं मिळून किलोभर मांस गेलं. तेही आजार नसताना! इथं तर तापानं आधीच पोखरलेलं. सून वाईट नाही रे. उलट फार चांगली आहे, म्हणूनच तर. "मामांजी, तुम्ही बसा, मी देते." दिवसातून पन्नास वेळा 'बसा'. आधी पाट गेला, मग जमिनीवरचं जेवण गेलं, मग कमोड आला. दिवसभरात जेवढं उठणं-बसणं फुकटात व्हायचं तेवढं सगळं प्रेमानं काढून घेतलं. मी असं बोललो तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता माझ्याशी थोडं तुटक बोलते.

वर पथ्य! मऊ भात, पेज, "हलकं" म्हणून. अंडी बंद, दूध बंद, कुंदा मात्र चालतो. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागं रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतात. वस्ताद आता ६० किलोवर आलेत, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम. पेजेतून कुठून येणार? मूत्रपिंडं ठीक आहेत, तपासून घेतलीत, म्हणून अंडी पुन्हा चालू करायला लावली. नातू म्हणाला, "काका, पावडरचा डबा आणतो." आण म्हटलं, खरं नुसत्या डब्यानं काही होत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९४ साली शंभर जणांवर हे करून बघितलंय. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं त्यांच्यात फरक नाही, ज्यांनी पायांनी वजनं ढकलली ते सुधारले.

त्याच्याही आधी, १९९० साली, त्याच संशोधकांनी सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं ढकलायला लावली होती. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. वाढली म्हणतोय, झाली नव्हे! म्हणजे पावणेतीनपट. गणितात तू कच्चाच होतास म्हणून उकलून सांगितलं. आपले वस्ताद ७९ चे. त्यांच्यापुढं पोरच की.

तर इतकं सगळं सोपं असताना अडलंय कुठं? अडलंय वस्तादांच्या मिशीत. त्या मुलीनं सांगितलं, खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच करा, आठ वेळा उठा, थांबा, पुन्हा आठ. जमलं की एक उशी काढायची. वस्ताद नुसते बघतच राहिले. ती गेल्यावर मला म्हणतात, "खुर्चीत बसून बैठका मारूलाय वस्ताद, म्हणतील की लोकं. त्यापेक्षा पडून ऱ्हातो." ज्यानं पाचशे-पाचशे बैठका मारल्या त्याला आठ म्हणजे शिवी वाटते. तरणेपणी कमावलेलं अंग पुढं थोडं पुरतं, नाही असं नाही, पण वापर थांबला की पैलवानाचंही गळतंच. त्यातही म्हातारपणी आधी जातात ते स्नायूंतले चपळ तंतू, ज्यांच्यावर डाव बसतो. ठेच लागल्यावर दुसरा पाय झटकन पुढं टाकून सावरायचं, तेही त्यांच्याच जोरावर. मला भीती आहे ती त्याची. एकदा खुबा मोडला की काय होतं ते तुझ्या आईच्या वेळी बघितलंय.

मी सांगून बघितलं. ऐकत नाहीत. माझं कधी ऐकलंय? लाडका तू. राजहंसगडाच्या चढावर निम्म्यात ओकलास तरी "पोरात दम हाय" तुलाच, आणि मी वरपर्यंत पळालो तर "हाडकं हायत, हलकं हाय." म्हणून हे पत्र. तू फोन कर, सकाळी नऊनंतर, तेव्हा सून देवपूजेत असते. विनवण्या करू नकोस. सरळ म्हण, "वस्ताद, माझा गुडघा गेलाय, डॉक्टरांनी खुर्चीतल्या बैठका सांगितल्यात, किती मारू?" तू विचारलंस तर ते आकडा सांगतील, आणि आकडा सांगितला की स्वतः केल्याशिवाय राहणार नाहीत. खोटंही नाही, तुझा गुडघा गेलाच आहे.

आमचं बरं आहे. साखर होती तिथंच. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरतो, खरं आता घरी येऊन बैठकाही मारतो, कारण नुसत्या चालण्यानं दम राहतो, मांडीत जोर येत नाही. ही हसते. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथं चालू आहे, पोलीस जिकडंतिकडं, मराठी मेळाव्याचं दरवर्षीचंच.

मन्याच्या लग्नाचं जमलं का? ठाण्याची मुलगी म्हणे, छान झालं. तुझ्या फ्लॅटचं पाणी आलं असेल. वहिनींना नमस्कार.

आणि ती करेल, तालमीत घुमवायचा जड मुद्गल. पुण्याला सामान हलवताना "चुकून" गेलेली. ती वस्तादांची आहे, तुझी नव्हे, ह्या विषयावर आता भांडत नाही. वंदे भारत बेळगावला थांबते, त्यातून घेऊन ये. डब्यात कुणी विचारलं तर सांग, म्हाताऱ्याचं औषध आहे.

तुझा,
आप्पा

ता.क. फोनवर त्यांना मोठ्यानं बोल. डाव्या कानानं कमी ऐकतात आणि कबूल करत नाहीत.