ताई, तू परत पाठवलेल्या त्या पीआरबद्दल थँक्यू

ताई,

हे समोरासमोर बोलायला मला जमलं नसतं म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितोय कारण तेव्हा कुरकुरपण मी सगळ्यांजवळ केली होती.

टीममध्ये नवीन होतो तेव्हाचा माझा गिट लॉग आठवतो का? (गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं टूल, प्रत्येक नोंदवलेला बदल म्हणजे एक कमिट, आणि लॉग म्हणजे त्या कमिटच्या मेसेजांची यादी.) 'फिक्स', 'फिक्स २', 'आता तरी चाल बाबा', 'फायनल', 'फायनल फायनल'. कोड चालतोय ना, मग नुसत्या मेसेजवरून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझे बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या' ही विनंती) परत कशाला पाठवायचा असं वाटायचं. एकदा तू एवढीच कमेंट टाकलीस, "सब्जेक्टमध्ये 'आणि' आलाय, म्हणजे हे दोन कमिट आहेत." माझ्या मेसेजची पहिली ओळ, म्हणजे सब्जेक्ट, होती 'लॉगिनचा बग काढला आणि तारखेचा फॉरमॅट बदलला'. खरं सांगतो, डोकं फिरलं होतं. मग तूच शेजारी बसून गिट ॲड -पी दाखवलंस, एकाच फाइलमधले बदल तुकड्यातुकड्याने कसे निवडायचे ते, आणि एकाचे दोन कमिट झाले.

दोन आठवड्यांनी त्या तारखेच्या फॉरमॅटनेच रिपोर्ट्सची वाट लावली. रिव्हर्ट (केलेला बदल मागे घेणं) तेवढ्या एका कमिटवर मारला, लॉगिनला धक्कासुद्धा लागला नाही. दोन्ही एकत्र असते तर रात्री अकराला जुना बग पण परत घरात आला असता!

बाकीच्या सवयी हळूहळू लागल्या. पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत, मग एक ओळ रिकामी (ही विसरलो की गिट खालचा मजकूरपण सब्जेक्टमध्ये ओढून घेतं, हे मी लॉग बघून शिकलो), त्याखाली ७२ अक्षरांवर तोडलेल्या ओळी. 'फिक्स्ड' नाही, 'फिक्स', कारण गिट स्वतः 'मर्ज', 'रिव्हर्ट' असंच, आज्ञा दिल्यासारखं, लिहितं. पण तू सारखं म्हणायचीस ना, काय बदललं ते डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) दिसतंच, का बदललं ते लिही, ते मला परवा कळलं. कोडमध्ये एक विचित्र अट दिसली, कोणी हे लिहिलंय म्हणत उडवणारच होतो, ब्लेम (कुठली ओळ कोणाच्या कमिटमधून आली ते दाखवणारी गिटची कमांड) लावला तर कमिट माझाच, आणि खाली लिहिलेलं, 'पेमेंटचा कॉलबॅक कधीकधी दोनदा येतो म्हणून हा चेक, काढू नका' (कॉलबॅक म्हणजे पेमेंटचं काय झालं ते आपल्या सिस्टीमला कळवणारा निरोप). मला काहीच आठवत नव्हतं गं.

थँक्यू ताई. ते ५० अक्षरांचं मात्र अजून जमत नाही, ५६-५७ होतातच, तेवढं चालवून घे.