‘बाई, हिला एकटीला शिकवाल का?’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर जूनमध्ये एखादी आई मुलीचा हात धरून दारात उभी राहते आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘बाई, हिला एकटीला शिकवाल का? ग्रुपमध्ये कोण लक्ष देणार?’ दुप्पट फी द्यायचीही तयारी असते. मी नाही म्हणते. मिरजेत २२ वर्षे गाण्याचा क्लास घेते आहे. हे नाही म्हणणे आळशीपणाचे नाही, हे दारात उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याला पेटीसमोर बसवले की दहा मिनिटांत त्याची चुळबुळ सुरू होते. सारेग, रेगप, गपध, पुन्हा तेच पलटे (सुरांचे ठरावीक गट). चुकले की समोर बाईंचा चेहरा आणि बरोबर आले तरी बाईंचाच. तीच पोरं सतरंजीवर गोल करून बसली की त्याच पलट्यांचा खेळ होतो. आमच्याकडे याला ‘साखळी’ म्हणतात. भूप रागाची सरगम, तीनताल. एकाने एक आवर्तन, म्हणजे १६ मात्रा म्हणायच्या आणि शेजारच्याने बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उचलायचे. बाकीचे हातावर ताल धरतात : टाळी, टाळी, खाली, टाळी. कुणाची सम हुकली की सगळा वर्ग कपाळाला हात लावतो. मला बोलावेच लागत नाही. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याचे गाणे कान देऊन ऐकत असतो, मनात मात्रा मोजत असतो. हे ऐकणे एकट्याच्या शिकवणीत मला कधीच साधलेले नाही.

समूहात बेसूर मूल लपते, हा आक्षेप मात्र खरा आहे. बारा जणांत दोघे खणखणीत गातात आणि बाकीचे त्यांच्या आवाजावर तरंगतात. म्हणून रोज शेवटची वीस मिनिटे तिघातिघांच्या तुकड्या. तिघांत कुणाचा गंधार (ग हा स्वर) खाली पडतो ते लगेच कळते, आणि एकट्याने गायची लाजही वाटत नाही. बारापेक्षा जास्त मुले मी घेत नाही. तीस मुले एका हॉलमध्ये बसवायची, पेटीवर गाणे वाजवायचे आणि ‘म्हणा माझ्यामागे’ म्हणायचे, याला वर्ग म्हणत असाल तर पालकांची शंका रास्तच आहे.

लहान मुलामुलींना काळी चार किंवा काळी पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी) अशा एकाच पट्टीत गाता येते. अडचण पुढे येते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्यांचा आवाज फुटतो, वरचा सा लागेनासा होतो, मुली हसतात आणि पोरगा गाणे सोडतो. कितीतरी चांगले गळे मी असे गमावले. एकट्याची शिकवणी असती तर तिथेच कायमची बंद झाली असती. आता अशा मुलाला मी वर्गातच ठेवते, पण ठेका त्याच्या हातात देते. त्याने पढंत करायची (तालाचे बोल तोंडाने म्हणायचे), टाळ धरायचा, नव्या मुलांची साखळी तपासायची. वर्षा-दीड वर्षाने आवाज बसला की तो खालच्या पट्टीत पुन्हा गाऊ लागतो. ताल तोवर पक्का झालेला असतो.

दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून आठवीत अचानक गाण्याची आवड जागी होते, हा आणखी एक प्रकार. ‘दोन वर्षांत कुठवर परीक्षा होतील?’ असे विचारणाऱ्यांना मी चहा देते आणि परत पाठवते.

समूहाने शिकणे हे काही नवे खूळ नाही. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर याच मिरजेत आपले गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसमोर बसून शिकले. पण १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग भरवले, क्रमवार अभ्यासक्रम आखला. गुरूसमोर बसून शिकलेल्या माणसाने ही वाट धरली, हे आपण मिरजकरांनी तरी विसरू नये.

गेल्या दिवाळीच्या सुटीत वर्गाला सतार-तानपुरे बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत नेले. आमच्या मुलांना तानपुरा म्हणजे मोबाइलमधले अ‍ॅप एवढेच ठाऊक. तिथे त्यांनी वाळवलेले भोपळे हाताळले. कारागिराने तारेखालचा जवारीचा (तारेची गुंज जुळवण्याचा) दोरा केसभर सरकवला आणि आवाज एकदम उघडला. एरवी अखंड बडबडणारी पोरं गप्प झाली. परत येताना एकीने विचारले, ‘बाई, आपला मोबाइलवाला असा का नाही वाजत?’ पुढच्याच आठवड्यात मी माळ्यावरचा माझा जुना तानपुरा काढून जवारी करायला टाकला. तो वर्गात आल्यावर आता आधी कुणी छेडायचा यावरून भांडणे होतात.

आता मागणे. शहरातल्या बहुतेक शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. माझ्यासारखे शिकवणारे घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा मुले बसवतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना पलटे नकोसे होतात (त्यांचेही बरोबर आहे). शाळांनी आठवड्यातून दोन दिवस, सहा ते आठ, एखादा वर्ग दिला तर आम्ही वाजवी भाडे देऊ. बाकडी सरकवून परत जागच्या जागी लावू. सतरंजी आमची आणि कुलूप लावून किल्ली शिपाईमामांकडे पोचवायची जबाबदारीही आमचीच.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका, मिरज