सदस्यांसाठी सूचना: विषबाधा, दंश आणि फिट

सर्व सदस्यांना विनंती, पुढचं एकदा नीट वाचा आणि घरच्यांनाही सांगा.

साप चावला तर माणसाला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा आणि अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, कारण सूज झपाट्याने चढते. घट्ट आवळपट्टी बांधणं, जखमेवर चिरा देणं, रक्त चोखणं यातलं काहीही करू नका. साप पकडायला तर मुळीच जाऊ नका! सर्पविषावर उतारा म्हणजे प्रतिविष, आणि ते रुग्णालयातच मिळतं.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवा. (घड्याळ लावून धुवा; अंदाजाने 15 मिनिटं कधीच होत नाहीत.) लस त्याच दिवशी सुरू करा.

पोटात रॉकेल, अ‍ॅसिड किंवा कीटकनाशक गेलं तर उलटी करवू नका. बाटली सोबत न्या, डॉक्टरांना लेबल पाहू द्या.

फिट आली तर तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा. झटके 5 मिनिटांहून जास्त चालले तर रुग्णवाहिका बोलवा.