ताई, बोलणी खाऊ घातल्याबद्दल आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता. तोही सांकेतिक भाषेत, त्यामुळे ‘मला ऐकू आलं नाही’ अशी सबब सांगायचीही सोय नाही.

आम्हा कर्णबधिरांना छपाईचं काम देणाऱ्या तुमच्या संस्थेच्या कामाला लोक दानधर्म म्हणतात. देणग्यांतून तुम्ही छपाईची यंत्रं घेतलीत, दुभाषी नेमलात, शिकाऊ महिन्यांचा खर्च भागवलात. पगार मात्र मालाच्या कमाईतूनच द्यायचा, यावर अडून बसलात. त्यामुळे काम वेळेत झालं नाही की बोलणी आम्हालाच खावी लागली. त्याचं मला किती अप्रूप होतं म्हणून सांगू! आधीच्या नोकरीत मला कुणी रागवायचंच नाही, कारण रागवावं असं कामच कुणी देत नव्हतं.

तिथे मुलाखतीत एकच प्रश्न होता: ओठ वाचता येतात ना? येतात. पण पाप, बाप आणि माप ओठांवर हुबेहूब सारखेच दिसतात. बाकी सगळा संदर्भावरून बांधलेला अंदाज. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. तुमच्याकडे दुभाषी होता, तरी प्रश्न विचारताना तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतात.

यंत्रावर घंटेऐवजी दिवा, आगीच्या इशाऱ्यालाही लुकलुकणारा दिवा, सगळ्यांचे हात दिसावेत म्हणून गोल टेबलं, हे पाहुण्यांना लगेच दिसतं. ऐकू येणाऱ्या कामगारांनाही तुम्ही सांकेतिक भाषेचा वर्ग सक्तीचा केलात, ते मात्र दिसत नाही. तेव्हा कुरकुर बरीच झाली होती.

1880 साली मिलानच्या परिषदेत, जवळजवळ सगळे ऐकू येणारेच जमलेले असताना, ठरलं की कर्णबधिर मुलांना तोंडी बोलण्यातूनच शिकवायचं. तो ठराव चुकीचा होता, हे त्याच परिषदेच्या व्हँकुव्हरमधल्या अधिवेशनाने मान्य केलं 2010 साली. माझी शाळा या दोन तारखांच्या मधली. खुणा केल्या की हाताची घडी घालून बसावं लागे.

घरच्यांनीही मग खुणा शिकल्या नाहीत. सगळे हसले की मी विचारायचो, काय झालं? उत्तर ठरलेलं: “नंतर सांगतो.” संस्थेत जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदाच इतरांबरोबर, त्याच क्षणी हसलो. विनोद सुमार होता, हेही सांगून ठेवतो. तिथेच मित्र मिळाले, भांडणं मिळाली, बढतीवरून थोडी असूयाही मिळाली. त्या सगळ्याबद्दल मनापासून आभार.

नव्या तुकडीला यंत्र शिकवायचं काम आता माझ्याकडे आलंय. त्यातल्या काहींना ना लिहिता येतं, ना सांकेतिक भाषा. घरच्यापुरत्या चार खुणा तेवढ्या येतात. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते करतोय. पाठवतो, चुका काढा. आणि उशीर झाला तर नेहमीसारखं रागवा.

आपला,
छपाई विभागातला सहकारी