घरासाठी गरीब, रेशनसाठी नाही: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
(प्रत माहितीसाठी: मा. गृहनिर्माण मंत्री)

सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या पुनर्वसन इमारतींत आणि त्यांच्या भोवतालच्या झोपडपट्ट्यांत आमचा रहिवाशांचा गट काम करतो. गटात बहुतेक बायकाच आहेत. घराचे अर्ज भरून देणं आणि रेशनकार्डावरची नावं लावून घेणं, ही आमची दोन मुख्य कामं. ही दोन्ही कामं एकाच टेबलावर चालतात, म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशातल्या अत्यल्प उत्पन्न गटासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 6 लाख रुपये आहे. 2022 साली ती वाढवली, ते योग्यच झालं. पण आपल्या खात्याच्या हिशेबात शहरातलं 'प्राधान्य कुटुंब', म्हणजे रेशनच्या धान्याला पात्र घर, वर्षाला 59,000 रुपयांपर्यंत कमावणारं. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! अन्न सुरक्षा कायदा राज्यात 2014 मध्ये लागू झाला, त्या वेळचा हा आकडा. म्हणजे एक खातं ज्याला गरीब म्हणतं, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी कमाई झाली की दुसरं खातं त्याला सुखवस्तू ठरवतं. शासन मात्र एकच, आणि मंत्रालयही एकच.

आमच्या टेबलावर याचं काय होतं ते सांगते. एक बाई तीन घरी पोळ्या लाटते, नवरा टेम्पोवर हेल्पर आहे. दोघांचे मिळून महिन्याला बावीस हजार येतात, घरात खाणारी तोंडं पाच. रेशनच्या अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यापाशी ती थांबते आणि विचारते, "ताई, किती लिहू?" खरं लिहिलं तर 2,64,000. धान्य गेलंच. तिच्या शेजारणीने पंचावन्न हजार लिहिलेत, आणि खाली हमीपत्रावर सही केली आहे की माहिती खोटी निघाल्यास कारवाईस पात्र राहीन. पुढच्या महिन्यात हीच बाई सोडतीचा अर्ज घेऊन येते. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि घर लागलंच तर बँक विचारते की हप्ता कशातून फेडणार. तिथे पंचावन्न हजार दाखवले तर कर्ज मिळत नाही. मग सांगा, तिने कोणत्या खिडकीवर खोटं बोलावं?

अपात्र कार्डं शोधायच्या मोहिमा निघतात. बंगल्यात राहून फुकटचे तांदूळ उचलणाऱ्यांची नावं कापा, आमची काही हरकत नाही. पण 59,000 चा आकडा हातात धरून शोधायला निघालात, तर मुंबईत धुणंभांडी करणारी जवळपास प्रत्येक बाई अपात्र निघेल.

माणशी पाच किलोप्रमाणे या घराला महिन्याला पंचवीस किलो गहू-तांदूळ मिळतात, 2023 पासून मोफत. बाजारात किलोला चाळीस रुपये धरले तरी हजार रुपये झाले. झोपडीत असताना हे पैसे बाजारहाटाला जायचे. इमारतीत आल्यावर मेंटेनन्स आला, लिफ्टचं बिल आलं, पाण्याच्या पंपाचं बिल आलं. पुनर्वसनाचं घर फुकट मिळतं असं बाहेरचे म्हणतात; त्यात राहणं फुकट नाही. आमच्याकडे ज्यांचं धान्य बंद होतं, त्यांचा मेंटेनन्स दोन-तीन महिन्यांत थकलेला दिसतो. त्यानंतर कोणीतरी येऊन खोली भाड्याने द्यायला सुचवतं, आणि कुटुंब पुन्हा कुठेतरी पोटमाळ्यावर जातं. घराचा प्रश्न आणि धान्याचा प्रश्न वेगळे नाहीत ते असे.

यावर आपले अधिकारी काय सांगतील याची कल्पना आहे. इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांचा ठरवून दिलेला आकडा, संपला. केंद्राने महाराष्ट्राला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची मर्यादा घालून दिली आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. खरं आहे. 2021 ची जनगणना झाली नाही, आता 2027 ची वाट बघायची. नुसती उत्पन्नमर्यादा वाढवून धान्य वाढत नाही, हे आम्हालाही कळतं. पण मर्यादा वाढली तर निदान आज कार्डावर असलेल्या बाईच्या मानेवर टांगती तलवार राहणार नाही. शिवाय मयत, दुबार आणि स्थलांतरित नावं वगळल्यावर ज्या जागा रिकाम्या होतात, त्या कुठे जातात? त्या त्याच दुकानाच्या प्रतीक्षेतल्या घरांना मिळाल्या पाहिजेत, आणि ती यादी दुकानाच्या दारावर लागली पाहिजे. सहा लाख आम्ही मागतच नाही. घरातली दोन माणसं किमान वेतनावर राबत असतील, तर ते घर धान्याला पात्र असावं, आणि हा आकडा दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे बदलावा, एवढंच मागणं आहे. इष्टांक वाढवून घेण्यासाठी दिल्लीत भांडणं हे आपलं काम.

शिवभोजन थाळीबद्दलही लिहायला हवं. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात: नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला तिचा मोठा आधार आहे. ती चालू ठेवा. पण थाळीने एका माणसाची दुपार भागते, घरची चूल नाही.

गृहनिर्माण मंत्र्यांसाठी एक मुद्दा. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेच्या इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा ठेवावी लागते. आमच्या आसपासची कित्येक कल्याण केंद्रं कुलूपबंद आहेत, काहींत विकासकाचं भंगार पडलंय. जमिनीवरच्या झोपडीत ज्या बायका पोळीभाजीचे डबे करायच्या, दारासमोर पापड वाळत घालायच्या, त्यांचा धंदा वरच्या मजल्यावर गेल्यावर बसला. ते कुलूप उघडून खोली बचत गटाला स्वयंपाकघर म्हणून चालवायला दिली, तर नवीन बांधकामाचा एक रुपयाही खर्च नाही. सोसायटीच्या ठरावावर हे होऊ शकतं, असा एक आदेश काढावा.

भेटीची वेळ मिळावी ही विनंती. नावं झाकून काही घरांचे दोन्ही अर्ज, रेशनचा आणि घराचा, सोबत आणू. वेळ दुपारी दोननंतरची असावी. सकाळी आमच्यातल्या बहुतेक जणी कामावर असतात.

कळावे,
गटाच्या वतीने,
एक रहिवासी